एकट्याने कबड्डी खेळणारा

आयुष्यभर मला भोचकपणाचा पगार मिळाला असं आमचे डॉक्टर म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. मी मिरजेची. लहानपणी घरी पाहुणे आले की आई आधी मला मागच्या दारी पिटाळायची, कारण किती दिवस राहणार इथपासून कवळी कधी बसवली इथपर्यंत मी पाहुण्यांना सगळं विचारून घ्यायची. लग्नानंतर चंदीगडला आले. ह्यांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, तिथल्या वैद्यकीय संस्थेत नोकरी होती, आणि मी इंग्रजीतलं एम.ए. घेऊन घरात माशा मारत होते. शेजारच्या सरदारणीने सांगितलं, सेक्टर १७ मध्ये एक परीक्षा केंद्र आहे, तिथे इंग्रजी बोलायला लावून मार्क देतात, तुम्ही जा. मी गेले, आणि पुढची बारा वर्षं रोज सकाळी दहा ते दोन अनोळखी माणसांना प्रश्न विचारत बसले. असली नोकरी जगात असते हे आईला कळवलं तेव्हा तिने उलट टपाली लिहिलं की शेवटी देवाला तुझी दया आली.

संस्था दिल्लीची होती. तिचं नाव लिहीत नाही, पुढे येणाऱ्या मजकुरातून कारण कळेल. परदेशी कॉलेजात जायचं असेल, नर्सचं काम मिळवायचं असेल, बँकेत बढती हवी असेल, तर ह्या परीक्षेचं सर्टिफिकेट लागायचं. पद्धत सोपी होती. टेबलावर विषयांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. उमेदवाराने एक उचलायची, दोन मिनिटं विचार करायचा, मग त्यावर बोलायचं. त्याचं संपलं की मी प्रश्न विचारायचे. चिठ्ठीच्या मागे दिल्लीने चार प्रश्न छापून दिलेले असत, ते विचारणं सक्तीचं, वरचे दोनचार माझ्या मनाचे. टेबलाच्या मधोमध टेपरेकॉर्डर, कारण सगळं बोलणं टेप व्हायचं, प्रत्येक उमेदवाराची कॅसेट वेगळी. दर शुक्रवारी कॅसेटी आणि मार्कांचे कागद दिल्लीच्या डाकेत जायचे. दहापैकी सहा मिळाले की पास. चिठ्ठी बदलून मिळत नसे, आणि निकाल तोंडी सांगायचा नाही असा कडक नियम होता.

सगळ्यांत लाडकी चिठ्ठी म्हणजे ‘माझा आवडता खेळ’. लाडकी अशासाठी, की शहरातल्या झाडून सगळ्या क्लासवाल्यांनी त्यावर भाषण लिहून ठेवलं होतं. एका मास्तरजींचं भाषण तर मला आजही झोपेत म्हणता येईल. ‘हॉकी इज द गेम ऑफ ब्रेव्ह पीपल’ असं ते सुरू व्हायचं. त्यांच्या क्लासची माणसं मी ओळीने ऐकली आहेत. त्यांत चाळिशीचा कारकून होता, बाळंतपणाची रजा संपवून आलेली बाई होती, आणि सगळेच्या सगळे शूर हॉकीपटू. आता ह्यांना मार्क कसे द्यायचे? भाषण तर गुळगुळीत, एक चूक नाही.

मग मी माझी युक्ती काढली. भाषण संपलं की मी हसून नावं विचारायची. तुमच्या टीममध्ये गोलकीपर कोण आहे? कुठे राहतो? शेवटचं कधी खेळलात त्याच्याबरोबर? रट्टा मारलेल्या माणसाकडे सगळं असतं, नावं नसतात. जो खरंच खेळलेला असतो त्याला विचारून बघा, कोण रडीचा डाव खेळायचा, कोणाच्या आईने चेंडू परत दिला नाही, सगळं धडाधडा सांगतो, आणि त्या नादात इंग्रजी कुठे मोडतं ते त्याचं त्यालाही कळत नाही. तेच खरं इंग्रजी, त्यालाच मार्क. केरळची एक नर्स आली होती. तिने व्हॉलीबॉलच्या टीममधल्या सहाही नर्सांची नावं त्यांच्या वॉर्डांसकट सांगितली. बावीस सेक्टरमधल्या एका कापडवाल्या लालाजींचा आवडता खेळ होता ‘बायकोचं बॅडमिंटन बघणं’. ती कोणाबरोबर खेळते असं विचारल्यावर त्यांनी शेजारच्या खन्नासाहेबांचं नाव जे घेतलं, ते असं की मी पुढचा प्रश्न गिळला आणि नऊ मार्क दिले. केंद्रप्रमुख भल्ला सर स्वतः माझी युक्ती नव्या परीक्षकांना शिकवायचे. मी फुगून जायची, खोटं कशाला बोलू?

भल्ला सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, साठी ओलांडलेले, पंजाबी हिंदू, लुधियानाकडचे. शिस्तीला काटेकोर इतके, की स्वतःच्या भाचीला त्यांनी साडेपाच देऊन नापास केली होती. दर पाच कॅसेटींतली एक ते स्वतः ऐकायचे आणि परीक्षकाने एक शब्द जास्त बोललेला असला की बोलावून सांगायचे.

ती वर्षं पंजाबात वाईट होती. चंदीगड तसं चौकोनी, शांत शहर. रुंद रस्ते, ओळीने झाडं, आणि आम्ही महाराष्ट्र मंडळात गणपती बसवून मोदकांची वाटणी करणारी माणसं. पण वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर मेलेल्यांचा आकडा असायचा. नाक्यानाक्यावर वाळूची पोती, पिशवी उघडून दाखवायची, केव्हा बंद होईल आणि बस थांबेल त्याचा नेम नाही. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, आत बॉम्ब असेल, अशा पाट्या सगळीकडे लागलेल्या. एकदा केंद्राचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मी बसने परत आणत होते. मांडीवर ते धूड बघून माझ्या बाकावरची बाई उठली, मग पुढची उठली, मग मागचा कॉलेजचा घोळकाच्या घोळका उठून दाराशी जाऊन उभा राहिला. भर गर्दीच्या बसमध्ये अख्खी मागची बाजू मला एकटीला. आमच्या मुलीला ही गोष्ट सांगितली तर ती हिंदीत म्हणाली, ‘आई, रोज ले जाया करो ना, सीट तो मिलेगी.’ आमच्याकडे मराठी कानाने आत जायचं आणि तोंडाने हिंदी बाहेर यायचं.

सांगायचं कारण, ती वर्षं आमच्या घरापर्यंत अशीच पोचायची. म्हणजे गमतीचा किस्सा होऊन. आम्ही बाहेरचे. मला वाटायचं, मी सगळं विचारते म्हणजे मला सगळं कळतं.

एका बुधवारी सकाळी केंद्राच्या जिन्यावर एक म्हातारा सरदार बसला होता. पांढरी पगडी, पायांत जुती, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून उठला आणि हात जोडून म्हणाला, ‘बीबीजी, मुंडा पास हो जाऊ?’ मुलगा पास होईल ना? मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही, परीक्षा तर होऊ दे. पण विचारल्याशिवाय राहवेना, म्हणून दोन पायऱ्या खाली उतरून चौकशी केलीच. मोरिंड्याच्या बाजूचं गाव. मुलाचं नाव बलकार. मुलाचा मामा इंग्लंडमध्ये, त्याने तिथल्या कॉलेजात मोटारदुरुस्तीच्या वर्गाला जागा धरून ठेवलेली. सर्टिफिकेट महिनाअखेर पोचलं तर जागा, नाहीतर गेली, आणि पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. मी म्हटलं, सहा महिने काय, असे जातील. त्यावर तो म्हणाला, ‘ना बीबीजी. बस, एथों निकल जावे.’ इथून निघाला पाहिजे, बस. मी मनात म्हटलं, आहेच, पंजाबातल्या प्रत्येक बापाला मुलगा परदेशीच पाठवायचा असतो.

बलकार आत आला तो दारातून थोडा तिरका होऊन. एकोणीस-वीस वर्षांचा, खांदे हे एवढे, आणि एक कान पैलवानाचा असतो तसा मुडपून सुजलेला. चिठ्ठी उचलली, ‘माझा आवडता खेळ’. मला वाटलं, आता हॉकी. पण हा म्हणाला, ‘कबड्डी.’ आणि पाठ केलेली पाचसहा वाक्यं घडाघडा म्हणाला. कबड्डी हा भारताचा प्राचीन खेळ आहे, त्याला खर्च येत नाही, त्याने शरीर बळकट होतं. मग थांबला. म्हणजे मास्तरजींनी आता कबड्डीवरही भाषण लिहिलेलं दिसतंय, असा मी हिशेब केला, आणि हसून माझी युक्ती सुरू केली.

कोणाबरोबर खेळतोस? चिठ्ठीच्या मागचा पहिलाच प्रश्न. तो गप्प. मी म्हटलं, टीममध्ये कोण कोण आहे, नावं सांग की. गप्प. बरं, एकाचं सांग. कुठे राहतो? शेवटचं कधी भेटलात? आता तो कुठे असतो? हे सगळं मी हसतहसत, अगदी मावशीच्या मायेने विचारत होते. त्याची नजर टेपरेकॉर्डरवर, तिथल्या फिरणाऱ्या चकत्यांवर. मला आत कुठेतरी आनंद होत होता, सापडला, सापडला. मग त्याने मान वर केली आणि एकदम पंजाबीत विचारलं, ‘जी, ए मशीन कित्थे जांदी ऐ?’ ही मशीन कुठे जाते. परीक्षेत इंग्रजीच बोलायचं असतं, म्हणून मी मुद्दाम इंग्रजीत, स्पष्ट उच्चार करून सांगितलं, की टेप दिल्लीला जाते.

मी घड्याळ बघितलं. शेवटी तो म्हणाला, ‘मॅडम, आय प्ले अलोन.’

मी दोन मार्क दिले. घरी जेवताना हा किस्सा रंगवून सांगितला, की आज एक महाशय आले होते, ते एकट्याने कबड्डी खेळतात. डॉक्टरांना ठसका लागला. मुलगी म्हणाली, ‘आउट कौन करता होगा?’ आम्ही तिघंही पोट धरून हसलो. हे मला लिहायला नको वाटतं, पण हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की पंजाबात बंद आहे. बसगाड्या आदल्या दुपारपासूनच उभ्या. शहरात दुकानं अर्धी उघडी होती, म्हणून मी चालत केंद्रावर गेले. उमेदवार कोणीच नव्हते. भल्ला सर त्यांच्या खोलीत कॅसेटी ऐकत बसले होते. मला बघून त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. मला वाटलं, जास्त बोलल्याबद्दल ऐकावं लागणार. ते म्हणाले, मिसेस माने, डोळे मिटा, ऐका, आणि मला सांगा की ही खोली कसली आहे.

त्यांनी बटण दाबलं. माझाच आवाज. नावं सांग. एकाचं सांग. कुठे राहतो? शेवटचं कधी भेटलात? आता तो कुठे आहे? मधे नुसता पंखा, आणि एका माणसाचा श्वास. पुन्हा माझा आवाज, गोड, न दमणारा. पुन्हा श्वास. ‘ही मशीन कुठे जाते?’ ‘दिल्लीला.’

मला डोळे उघडायची लाज वाटली.

भल्ला सर ओरडले नाहीत. ते सावकाश सांगत गेले. त्या बाजूच्या गावांत कबड्डीची टीम म्हणजे काय, तर गावातली सगळी तरणी पोरं. टीममधला एक जरी घरातून निघून अतिरेक्यांत गेला, तरी बाकीच्यांना ठाण्यात नेतात आणि हेच चार प्रश्न विचारतात. कोणाबरोबर असायचास, कुठे भेटायचात, शेवटचं कधी, आता कुठे आहे. आणि गेलेला तो एखाद्या दिवशी माणसं घेऊन गावात येतो आणि विचारतो, ठाण्यात कोणाची नावं घेतलीस. नाव घेतलं तरी मेला, नाही घेतलं तरी मेला. ‘उस लडके ने ठीक जवाब दिया,’ ते म्हणाले. ‘मैं भी यही कहता, अकेला खेलता हूँ.’

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच पुढ्यात ओढला. ‘माझं कुटुंब’. घरात किती माणसं आहेत, आता कुठे असतात? ‘एक सण’. तुमच्याकडे कोण कोण आलं होतं? ‘एक प्रवास’. कुठे गेला होतात, कशासाठी, कोणाला भेटलात? इतकी वर्षं मी हे प्रश्न विचारत होते. इतकी वर्षं कितीजण ह्या खोलीत अडखळले, आणि मी त्यांच्या नावापुढे ‘रट्टा’ असं लिहिलं, कोण जाणे. दिल्लीतल्या टेबलावर कोणीतरी भल्या मनाने लिहिलेले प्रश्न होते ते. त्यांचा काय दोष. विचारणारी मी होते.

मी म्हटलं, त्याला परत बोलावू या. भल्ला सर म्हणाले, मार्कांचा कागद भरला की बदलता येत नाही. एकच सोय आहे, टेप खराब निघाली तर परीक्षा पुन्हा घेता येते. पण टेप चांगली आहे. एवढं बोलून त्यांनी कॅसेट माझ्या पुढ्यात ठेवली, चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि म्हणाले, मशीन जुनी झाली आहे, मी जरा चहाचं बघतो. स्वतःच्या भाचीला साडेपाच देणारा माणूस! मी कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणली आणि रेकॉर्डचं बटण दाबून समोर बसून राहिले. त्या टेपवर पंखा आणि बाहेर जिन्यात चहावाल्याशी घासाघीस करणारे भल्ला सर एवढंच उरलं. हा गुन्हा मी आज पहिल्यांदा लिहून कबूल करते आहे.

बस स्टँड आमच्या केंद्रापासून दहा मिनिटांवर. बाप-लेक तिथेच असणार हे उघड होतं, गावी जाणार कशाने? सतराव्या फलाटाशी सापडले. म्हातारा बाकावर, बलकार खाली जमिनीवर बसून रोटी खात होता. मला बघितल्याबरोबर तो उठून उभा राहिला आणि त्याने रोटी खिशात घातली. का, ते मला त्या क्षणी समजलं. कोणीतरी न्यायलाच आलं आहे असं त्याला वाटलं होतं.

मी म्हाताऱ्याशी बोलले. टेप बिघडली, पुन्हा परीक्षा आहे, आत्ताच चला. म्हातारा हर्षाने पिशवी उचलायला लागला, पण बलकार जागचा हलेना. त्याने बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. बाप म्हणाला, तो म्हणतोय, तुम्ही काय विचारणार ते आधी सांगा.

इतक्या वर्षांत कोणी मला हे विचारलं नव्हतं. परीक्षकाने आधी प्रश्न सांगायचे नसतात हे खरं, पण टेप पुसल्यावर मी कसल्या नियमांच्या गप्पा मारणार? मी माझ्या मोडक्यातोडक्या पंजाबीत सांगितलं, की मी तुला कोणाचंही नाव विचारणार नाही. मी लहानपणी मिरजेत हुतूतू खेळायची. आमचं मैदान चौकोनी. तुमचं गोल असतं म्हणतात. गोल का, आणि गोलात माणूस पळून जाणार कुठे, हे मला खरंच ठाऊक नाही. एवढंच विचारीन. तो म्हणाला, ‘तुसीं खेडदे सी?’ तुम्ही खेळायचात? मी म्हटलं, खेळायची म्हणजे काय, गुडघा दाखवू का? तेव्हा तो पहिल्यांदा जरासा हसला आणि आमच्यामागून चालायला लागला.

ह्या खेपेला भल्ला सर माझ्या शेजारी बसले. चिठ्ठ्या मांडल्या. त्यातली कुठली उचलली ते कोणी बघितलं नाही, मीच म्हटलं, ‘माझा आवडता खेळ’. टेप सुरू केली. आणि विचारलं, गोल का?

अहो, काय सांगू. त्याला वाक्यं जमत नव्हती. क्रियापद सापडलं की कर्ता हरवायचा. पण तो थांबेना. ‘धावी गो. फोर जाफी स्टँड. ओन्ली वन कॅच, मॅडम. अदर थ्री नो टच.’ म्हणजे धावी चढाई करणार, धरायला चार जाफी उभे, पण त्याला एकानेच धरायचं, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. मी म्हटलं, छे, आमच्याकडे तर सगळ्याजणी मिळून तंगडी धरायचो. त्याला ते अजिबात पटलं नाही. ‘दॅट इज नॉट फेअर,’ तो म्हणाला, आणि हे त्याचं पहिलं पूर्ण, बिनचूक वाक्य. अंगाला तेल का लावतात ते सांगितलं. दम कसा राखायचा ते सांगताना शब्द संपले, तेव्हा उठून उभा राहिला, खुर्ची बाजूला केली आणि कौडी कौडी करत भल्ला सरांच्या अंगावर चाल करून गेला. सर खुर्चीसकट मागे सरकले. टेपवर ती खुर्ची फार मोठ्याने वाजली आहे. मी खरंच सगळं विसरून ऐकत होते. विचारण्यात एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि मी त्या दिवशी त्याच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, फक्त खेळाबद्दल विचारले.

दहा मिनिटं झाली. मी टेप बंद केली आणि मार्कांचा कागद पुढे घेतला.

आता खरी पंचाईत. बोलला मनापासून, पण इंग्रजी पाचाचं होतं. शब्द तोकडे, काळ सगळे एकात एक. असल्या इंग्रजीला मी कोणालाही पाचाच्या वर मार्क दिले नसते, आणि भल्ला सरांनी तर नाहीच. मी पाच लिहिले. सर बघत होते. त्यांनी मान हलवली, की बरोबर आहे. टेपवर जे आहे त्यालाच मार्क, हे ते नेहमी म्हणायचे. म्हणजे इतकं करून पोरगं नापासच. मला रडू यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून मी टोपण शोधायचं निमित्त केलं.

बलकार गेला नव्हता. खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. म्हणाला, ‘मॅडम, मशीन स्टॉप?’ मी म्हटलं, स्टॉप. त्याने स्वतः वाकून बघितलं, चकत्या थांबल्या आहेत का. मग सरळ उभा राहून इंग्रजीत म्हणाला, काल तुम्ही विचारलंत, मी कोणाबरोबर खेळतो.

आणि त्याने नावं सांगितली. आठ नावं, सावकाश, इंग्रजीत, एकेक वाक्य जुळवून. हा आमचा कॅप्टन, तो आता फौजेत आहे. हा सगळ्यांत वेगवान, आता त्याला चालता येत नाही. हे दोघे भाऊ, ते दोघेही कॅनडाला गेले. हा माझ्या चुलत्याचा मुलगा, ऊस तोडत होता, तिथेच त्याला मारलं. कोणी मारलं ते त्याने सांगितलं नाही. तीन नावं घेऊन तो फक्त ‘डोंट नो’ म्हणाला. त्यातल्या शेवटच्या मुलापाशी थांबला, आणि म्हणाला, ‘हिज मदर आस्क्स मी एव्हरी मॉर्निंग. आय टेल हर, टुमॉरो.’

त्याची आई मला रोज सकाळी विचारते. मी तिला सांगतो, उद्या.

ती नावं मी तेव्हा कुठे लिहिली नाहीत आणि आजही लिहिणार नाही, पण मला आठही पाठ आहेत. त्या मुलाबद्दल, त्याच्या आईबद्दल विचारावं असं शंभर वेळा तोंडापर्यंत आलं. विचारलं नाही. मग मी पेन घेतलं, पाचावर काट मारली आणि शेजारी सहा लिहून कागद भल्ला सरांकडे सरकवला. खाडाखोड केलेल्या कागदावर सर कधी सही करत नसत. त्यांनी खाडाखोडीपाशी एक सही केली, खाली दुसरी केली, आणि पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवलं.

मी बलकारच्या आधी बाहेर आले. जिन्यावर त्याचे वडील उठून उभे राहिले, पण ह्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. निकाल तोंडी सांगायचा नसतो. मी म्हटलं, ‘पास है जी.’ म्हाताऱ्याने पिशवी खांद्याला लावली, मागून आलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला एवढंच विचारलं, की दिल्लीला जाणारी गाडी तरी चालू असेल का, म्हणजे ह्याला आता गावी न्यायलाच नको.